जुना लोखंडी कठडा काढताना : मुळापासून भंगाराच्या काट्यापर्यंत

गॅलरीचा कठडा गंजला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. दिवाळीच्या आधी त्यावर ऑइलपेंटचा आणखी एक हात फिरतो, नाहीतर फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडकाम करणारा, येतो, गज लादीलगत कापतो आणि वर सिमेंट लिंपून निघून जातो. यातला दुसरा उपाय पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतो. कापलेल्या गजाचं मूळ काँक्रीटमध्ये तसंच राहतं आणि पाणी मिळत राहिलं की गंजत राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधीकधी सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा त्याला मिळते ती स्लॅबची कड फोडूनच. चार-पाच पावसाळ्यांनी गॅलरीच्या कडेचं प्लास्टर खाली पडायला लागतं, तेव्हा त्या कापलेल्या गजांची कोणाला आठवणही नसते.

म्हणून कठडा काढायचा तर मुळासकट काढायचा. बैठं घर, अंगण, जिना, फार तर पहिल्या मजल्याची गॅलरी इथलं काम दोन धडधाकट माणसांना जमण्यासारखं आहे. त्याच्या वरच्या मजल्यांवर आणि भिंतीबाहेर आलेल्या पेटीसारख्या ग्रिलवर स्वतः अजिबात हात घालू नका. पाच किलोचा तुकडा तिसऱ्या मजल्यावरून खाली चालणाऱ्याच्या डोक्यात पडला तर पुढचं बोलायला नको. तिथे माणूस लावावा. पण काम कसं व्हायला हवं हे आपल्याला माहीत असलं, की त्याच्याकडून ते तसं करून घेता येतं.

आधी ओळखा : धातू कोणता, आणि तो धरलाय कशाने

एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन कठड्यापाशी बसा. लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते साधं लोखंड, म्हणजे बाजारात ज्याला एमएस म्हणतात ते, किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चिकटला नाही आणि वस्तू उचलायला हलकी असेल तर अॅल्युमिनियम. जड असूनही चिकटत नसेल, किंवा जेमतेम चिकटत असेल, तर बहुधा स्टेनलेस स्टील. हा फरक पुढे भंगाराच्या वेळी पैशात मोजला जातो, त्यामुळे आत्ताच लिहून ठेवा.

बीड वेगळं ओळखावं लागतं. गिरगावातल्या जुन्या चाळी, पुण्यातले वाडे, गोव्यातली पोर्तुगीजकालीन घरं यांच्या सज्जांना जे वेलबुट्टीचे जाड कठडे दिसतात, ते बरेचदा बिडाचे असतात. बीड वाकत नाही, तुटतं. त्यावर घण घातला तर तुकडे उडतात आणि ते डोळ्यांत जातात. शिवाय असा कठडा किलोवर विकणं म्हणजे निव्वळ नुकसान. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आता मूळ पाहा. गज किंवा खांब जिथे लादीत शिरतो तिथे रंगाचा एक फुगीर कडा दिसेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे दाबा. रंगाचा पापुद्रा फुटून आतून तपकिरी पदर एकावर एक सुटायला लागले आणि टोक आत शिरलं, तर तो गज वरून कितीही जाड दिसत असला तरी मुळाशी त्याच्यात जीव उरलेला नाही. अशा कठड्याला टेकून उभं राहणं त्याच दिवसापासून बंद. काम सुरू होईपर्यंत घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

धरण्याच्या पद्धती साधारण चार. सगळ्यात जास्त आढळतो तो होल्डफास्ट, म्हणजे टोकाला फाटे फोडलेली पट्टी भिंतीत किंवा स्लॅबमध्ये सिमेंटने गाडलेली. दुसरी, खांबाखाली चौकोनी प्लेट आणि तिला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट. तिसरी फक्त खिडकीच्या ग्रिलची : लाकडी चौकटीत स्क्रू. हे सगळ्यात सोपं काम. स्क्रूच्या खाचेत भरलेला रंग खरवडून काढला की निम्मे स्क्रू मुकाट्याने सुटतात. चौथी पद्धत फक्त जुन्या दगडी बांधकामात : दगडात भोक पाडून, खांब उभा करून त्यात वितळलेलं शिसं ओतलेलं असतं. खांबाच्या बुडाशी करडा, नखाने ओरखडा उठणारा मऊ धातू दिसला तर तिथे गॅसकटर किंवा ज्योतीची टॉर्च लावू देऊ नका. शिशाची वाफ विषारी असते. असं काम छिन्नीने, थंडच करायचं.

परवानगी आणि वेळ

स्वतंत्र घर असेल तर हा भाग सोडून द्या. सोसायटीत मात्र गॅलरीची बाहेरची बाजू ही इमारतीच्या दर्शनी भागात मोडते, आणि फेरफार करायचा तर समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जात काय काढणार, काय बसवणार, काम किती दिवस आणि कोणत्या वेळेत चालणार, एवढं लिहा. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे. तुमची इमारत यादीत असेल तर दर्शनी कठडा बदलण्याआधी महापालिकेत विचारायलाच हवं.

वेळ साधली तर खर्च वाचतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. त्यानंतर बाहेरून दुरुस्ती आणि रंगकाम निघतं, परांची बांधली जाते. वरच्या मजल्यावरचा कठडा किंवा ग्रिल काढायला याहून चांगला काळ नाही. परांचीवर उभं राहून बाहेरून काम होतं, खाली जाळी असते आणि फुटलेली कड त्याच गवंड्याकडून भरून घेता येते. स्वतंत्र घराचं काम दिवाळीनंतर आणि मृगाच्या निदान महिनाभर आधी उरका. भरलेली भोकं पावसाआधी पक्की व्हायला हवीत.

जुना रंग

यावर घाई करू नका, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. भारतात घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता धरून चालावं. फार जुन्या कठड्यांवर रंगाच्या सगळ्यात खालचा थर भडक शेंदरी असेल तर तो रेड लेडचा, म्हणजे शिशाचाच प्राइमर असू शकतो. विटकरी असेल तर बहुधा साधा रेड ऑक्साइड, त्यात लोखंडाचाच ऑक्साइड असतो.

ग्राइंडरने असा रंग घासला की त्याची बारीक धूळ होते आणि ती घरभर बसते. म्हणून जिथे काप घ्यायचा तेवढीच दोन-तीन इंच जागा आधी पाण्याने ओली करून पत्र्याने खरवडा, ओले टवके खाली पसरलेल्या प्लॅस्टिकवर पडू द्या आणि ते पिशवीत बांधा. पाणी पुसून जागा कोरडी झाल्यावरच ग्राइंडर लावा. संपूर्ण कठड्याचा रंग काढायची गरज नाही, भंगारात तो तसाच जातो. रंग जाळून काढायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका.

हत्यारं

चार इंची ग्राइंडर, लोखंड कापायच्या पातळ डिस्क, हॅकसॉ, अरुंद छिन्नी, दोन पौंडी हातोडा, पाना, पहार, हॅमर ड्रिल, दोरखंड, दोन ओली गोणपाटं आणि पाण्याची बादली. चष्म्यावर नुसतं भागवू नका. डोळ्यांना बंद गॉगल आणि त्यावर तोंडभर शील्ड हवी. चामडी हातमोजे, बंद बूट, एन-९५ मास्क, सुती आणि अंगाला बसणारे कपडे. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, गळ्यातला दोरा हे सगळं काढून ठेवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

डिस्कबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. डिस्कवर छापलेला कमाल वेगाचा आकडा ग्राइंडरवरच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. या मापाच्या चांगल्या डिस्कवर तो १५,००० च्या वर असतो. कापायला एक-सव्वा मिलिमीटरची पातळ डिस्क, घासायला सहा मिलिमीटरची जाड. पातळ डिस्कच्या बाजूने घासलं की ती फुटते. ओली झालेली, पडलेली, चीर गेलेली डिस्क फेकून द्या. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नका आणि गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, काढून काम करू नका. ‘गार्ड अडतो’ म्हणणारा कारागीर आला तर त्याला परत पाठवायला संकोचू नका. नवी डिस्क लावली की ती आपल्यापासून बाजूला धरून अर्धा-एक मिनिट नुसती फिरू द्या.

गजांची संख्या कमी असेल तर मी हॅकसॉचीच बाजू घेईन. ठिणगी नाही, आवाज नाही, शेजारी दार ठोठावत नाहीत. भरीव गजाला इंचाला १८ किंवा २४ दात्यांचं पातं, पातळ पाइपला ३२ दात्यांचं. पात्यावरचा बाण पुढच्या दिशेला ठेवायचा आणि पुढे जातानाच दाब द्यायचा.

कापण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तात्पुरता आडोसा, आणि तो कठडा कापायच्या आधी. गॅलरीच्या आतल्या बाजूला एक बांबू मीटरभर उंचीवर आणि दुसरा त्याच्या निम्म्यावर, दोन्ही टोकांना पक्के अडकवून बांधा. नुसती दोरी म्हणजे आडोसा नव्हे. काम चालू नसेल तेव्हा गॅलरीचं दार कुलूपबंद. नवा कठडा त्याच दिवशी बसणार असला तरीही हे करा, कारण फॅब्रिकेटरचा ‘आज’ परवावर जायला वेळ लागत नाही.

ठिणग्या दोन-तीन मीटर सहज उडतात. पडदे, वाळत घातलेले कपडे, वर्तमानपत्रांची रद्दी, एसीच्या नळीवरचा फोम हे सगळं हलवा किंवा ओल्या गोणपाटाखाली घ्या. खिडकीच्या काचेवर ठिणगी बसली की बारीक खड्डा पडतो, तो पुसून जात नाही. पांढऱ्या टाइल्सवर पडलेले कण ओलावा लागला की गंजाचे ठिपके होऊन बसतात. बाहेरच्या भिंतीवर पाइप गॅसची नळी असेल तर तिच्याजवळ ग्राइंडर चालवूच नका, तिथे हॅकसॉ. खालची गाडी हलवा, खालच्या वाटेवर दोरी बांधून एक माणूस उभा करा. ग्राइंडर १५ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावा आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे ना, हे पाहून घ्या. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. गोणपाटात धुमसत राहिलेली ठिणगी उशिरा पेटते.

कापणी

वजनाचा अंदाज आधी काढा. चौकोनी भरीव गजाचं मीटरमागे वजन काढायला बाजूचा वर्ग, तोही मिलिमीटरमध्ये, ०.००७८५ ने गुणा. गोल सळईसाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १२ मिलिमीटर चौकोनी गज मीटरला सुमारे १.१३ किलो, तेवढीच गोल सळई ०.८९ किलो. दहा फुटी गॅलरीला दहा-दहा सेंटिमीटरवर असे २९ गज, प्रत्येकी ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकोणतीस किलो. वर-खाली ४० बाय ६ ची पट्टी, तिचे साडेअकरा किलो. एकूण चाळीस किलोच्या आसपास. हा आकडा कागदावर ठेवा, काट्यापाशी पुन्हा लागेल.

अंगणात किंवा तळमजल्यावर हा कठडा तीन-तीन फुटांचे भाग पाडून काढा. प्रत्येक भाग बारा-तेरा किलोचा होतो आणि दोघांना आरामात उचलता येतो. पहिल्या मजल्यावर मात्र एकेक गज सोडवायचा, वेळ लागला तरी चालेल. आधी गजाचं खालचं टोक कापा, मग दुसऱ्या माणसाने गज धरल्यावर वरचं. हातात येणारा तुकडा जेमतेम किलोभराचा असतो आणि वरची-खालची पट्टी शेवटपर्यंत अडसरासारखी उभी राहते. सगळे गज उतरल्यावर पट्ट्यांना दोन ठिकाणी दोर बांधा, दोराची दुसरी टोकं आतल्या भक्कम खांबाला गुंडाळा, आणि मग आधी खालची, शेवटी वरची पट्टी आतल्या बाजूला ओढत सोडवा.

काप कुठून घ्यायचा यात मेख आहे. पट्टी दोन्ही टोकांनी टेकलेली असेल आणि मध्ये वरून कापली, तर ती खचते, काप मिटतो आणि डिस्क चिमट्यात सापडते. ग्राइंडर हातातून उसळतो तो याच क्षणी. जिथे एक बाजू धरलेली आणि दुसरी लोंबती आहे, तिथे वरून कापलं तर काप आपोआप उघडत जातो. ग्राइंडर दोन्ही हातांनी धरा, तोंड डिस्कच्या रेषेत ठेवू नका आणि डिस्क पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवू नका.

बोल्ट असतील तर कापण्याआधी त्यांना एक संधी द्या. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० किंवा डिझेल सोडून ठेवा. सकाळी पाना आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित दाबा. गंजाची पकड मोडते, मग उलटा फिरवा.

मूळ काढणं

खांब कापताना लादीच्या वर दोन इंच ठेवा, म्हणजे पकडायला जागा राहते. त्याच्या भोवती हॅमर ड्रिलने सहा-आठ मिलिमीटरची भोकं पाडा, भोकांमधलं काँक्रीट अरुंद छिन्नीने हळूहळू उकरा. छिन्नीचा मार नेहमी आतल्या बाजूला घ्या. स्लॅबच्या कडेकडे मारलं की अख्खी कड ढपलीसारखी उडते. खांब डळमळायला लागला की पाइप पान्यात धरून पुढे-मागे करत वर ओढा. लाकडात अडकलेल्या खिळ्यासारखे होल्डफास्टचे फाटे शेवटी एकदम सुटतात, तेव्हा तोल सांभाळा.

उकरताना पिळाची किंवा कंगोऱ्यांची आडवी सळई दिसली तर थांबा. ती कठड्याची नाही, स्लॅबची आहे. तिला कापू नका, वाकवू नका. तीच गंजून सोललेली दिसली तर प्रश्न कठड्यापलीकडे गेलेला आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नवा कठडा बसवू नका.

होल्डफास्ट फारच खोल असेल आणि कड धोक्यात येत असेल, तर पृष्ठभागापासून निदान इंचभर खाली खाच करून तो आत कापा. उरलेलं टोक तारेच्या ब्रशने चकचकीत करा, झिंकयुक्त इपॉक्सी प्राइमर लावा आणि तो वाळू द्या. हा नाइलाजाचा मार्ग आहे, पण लादीलगत कापून वर लिंपण्यापेक्षा कितीतरी बरा.

भोकं भरायला साधा सिमेंटचा लगदा वापरू नका, तो आकसतो आणि कडेने पाणी शिरतं. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने साफ करा, आतली बाजू ओली करा पण पाणी साचू देऊ नका. मग नॉन-श्रिंक, म्हणजे न आकसणारं, ग्राउट किंवा पॉलिमर मिसळलेला मॉर्टर ठासून भरा, वरचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. त्यावर ओलं गोणपाट ठेवून सात दिवस पाणी मारा. पाकिटावर वेगळी सूचना असेल तर ती पाळा.

नवा कठडा त्याच भोकांत रोवू नका. थोड्या अंतरावर प्लेट आणि अँकर घ्या, प्लेटच्या कडेला पाणी थांबणार नाही असं सीलंट लावून घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उंची किमान १ मीटर हवी. गज उभेच घ्या, आडव्या पट्ट्यांवर मुलं शिडीसारखी चढतात. दोन गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. खिडकीची ग्रिल बदलत असाल तर तिच्यात आतून उघडणारी छोटी खिडकी ठेवाच. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

विल्हेवाट

आधी लोहचुंबक फरशीवरून, कुंड्यांमधून आणि खालच्या अंगणातून फिरवा. ग्राइंडरच्या धारदार कपच्या तळपायात जातात. पिशवीत बांधलेले रंगाचे टवके घरगुती घातक कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. फोडलेलं काँक्रीट हा राडारोडा आहे. तो कचराकुंडीत किंवा नाल्याकाठी टाकायचा नसतो. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात विचारा. गोणीभरच असेल तर शेजारी कुठे भरावाचं काम चालू आहे का पाहा, मालकाला विचारून द्या.

बिडाचा नक्षीदार कठडा अखंड ठेवा. जुन्या इमारतींचं सामान विकणारे व्यापारी तो नगावर घेतात, किलोवर नाही. विकण्याआधी चार फोटो काढून दोन-तीन ठिकाणी भाव काढा. दगडातून निघालेलं शिसं वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून भंगारवाल्याला वेगळंच द्या. साध्या गजांचा चांगला भाग तोंडली, कारली, गोकर्णाच्या वेलाला मांडव म्हणून उत्तम चालतो. गंजलेलं टोक कापून टाका आणि टोकांना कानस मारा.

उरलेलं भंगारात. धातू वेगवेगळे करूनच न्या. लोखंडाच्या ढिगात स्टेनलेसचा पाइप किंवा अॅल्युमिनियमची पट्टी गेली तर ती लोखंडाच्या भावात गेली, आणि अॅल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. लोखंडाचा दर सतत हलतो, म्हणून त्याच दिवशी दोन दुकानांत फोन करा. गज एका लांबीत कापून तारेने मोळ्या बांधा, टोकांना जुनं कापड गुंडाळा. टेम्पोच्या बाहेर गज लोंबू देऊ नका, दुचाकीवर आडवे धरून तर नेऊच नका.

काट्यापाशी आपला कागद काढा. चाळीस किलो अपेक्षित असताना गंज झडून छत्तीस-सदतीस भरलं तर ठीक आहे. अठ्ठावीस भरलं तर काट्यात गडबड आहे. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असायला हवा. तो दिसत नसेल तर घरचा सामान मोजायचा हुकाचा काटा लावून एक मोळी दोन्हीकडे तोला आणि जमलं नाही तर माल परत उचला.

फॅब्रिकेटर बरेचदा म्हणतो, ‘काढायचे पैसे नकोत, जुनं लोखंड मी नेतो.’ चाळीस किलोच्या कठड्याला हा सौदा वाईट नाही, कारण काढणीची मजुरीही तेवढीच होते. मात्र हे नव्या कठड्याचा दर ठरवतानाच बोलून घ्या आणि त्यात मूळ काढणं, भोकं ग्राउटने भरणं आणि राडारोडा उचलणं या तिन्ही गोष्टी येतात का, ते कोटेशनवर लिहून घ्या. नुसतं ‘काढून देतो’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी लादीलगत कापून देणं असतं. शेवटचा हप्ता भोकं भरून, त्यावर पाणी मारून झाल्यावरच द्या.